लॅपटॉपची उष्णता आणि कूलिंग पॅडची निवड

भारतातील शाळांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत लॅपटॉप ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तामिळनाडू राज्याने २०११ साली विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली आणि पुढे इतर काही राज्यांनीही तोच मार्ग धरला. परंतु या यंत्राला आपल्या देशात जो उन्हाळा सोसावा लागतो, तो साधा नाही. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. विदर्भातही पारा मे महिन्यात अनेकदा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. याउलट अनेक निर्मात्यांच्या माहितीपत्रकांत यंत्र सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे, असे सांगितलेले असते.

अशा स्थितीत यंत्र तापते, मंदावते, त्याचा पंखा घोंगावू लागतो आणि मग बाजारातून कूलिंग पॅड आणावा असा विचार मनात येतो. तो आणावा की नाही, आणल्यास कोणता आणावा, आणि आणलेला पॅड कसा वापरावा, हे प्रश्न दिसतात तितके किरकोळ नाहीत. त्यांची उत्तरे उष्णताशास्त्राच्या काही साध्या नियमांत सापडतात. ते नियम समजून घेतले, म्हणजे निवड आपोआप सोपी होते.

१. उष्णता येते कोठून?

तारेतून विद्युत्-प्रवाह गेला असता ती तापते. हा परिणाम किती होतो, याचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८४१ साली प्रसिद्ध केला. विजेच्या शेगडीत ही उष्णता हवी असते. संगणकात ती नको असते. संगणक पंख्यासारखा वारा देत नाही किंवा पंपासारखे पाणी चढवीत नाही. त्यामुळे त्याला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत्-शक्ती अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. ४५ वॅट शक्ती घेणारे यंत्र म्हणजे, उष्णतेपुरते पाहिल्यास, ४५ वॅटांची एक शेगडीच होय.

१९४६ साली लोकांपुढे आलेल्या ‘एनिॲक’ या अमेरिकन संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट शक्ती लागे. आजचा लॅपटॉप त्याच्या तुलनेने अत्यल्प शक्ती घेतो. मात्र ती एवढ्याशा जागेत खर्च होते की, तेथील उष्णतेची दाटी विलक्षण असते. घरातील १,००० वॅटांच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट पडतात. लॅपटॉपच्या प्रोसेसरमधील सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटिमीटरची आणि तिच्यात ४५ वॅट खर्च होतात असे धरल्यास, दर चौरस सेंटिमीटरला ३० वॅट येतात. इस्त्रीच्या सहापट उष्णता तेथे क्षणोक्षणी निर्माण होते. आणि ती तशीच क्षणोक्षणी दूर नेली गेली पाहिजे.

ती नेली गेली नाही तर काय होते? बहुतेक आधुनिक प्रोसेसरांची मर्यादा सुमारे १०० अंश असते. तापमान त्या सीमेजवळ गेले, की प्रोसेसर आपली गती आणि आपला विद्युत्-दाब आपणहून कमी करतो. त्यात होणारा शक्तीचा खर्च गतीच्या प्रमाणात आणि विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून दाब एक-दशांशाने कमी केला, तर तेवढ्यानेच खर्च सुमारे १९ टक्क्यांनी उतरतो. उन्हाळ्याच्या दुपारी लॅपटॉप ‘अडखळतो’, तो बहुधा या आत्मरक्षणामुळे. तो बिघाड नव्हे. तरीही तापमान वाढतच राहिले, तर यंत्र स्वतःला बंद करून घेते.

२. यंत्राची स्वतःची शीतनव्यवस्था

उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन मार्गांनी जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. लॅपटॉपमध्ये पहिल्या दोहोंचे महत्त्व विशेष असते. प्रोसेसरवर तांब्याचा पत्रा बसविलेला असतो आणि दोहोंमधील सूक्ष्म पोकळ्या उष्णतावाहक लेपाने भरलेल्या असतात. त्या पत्र्यापासून उष्णता कडेच्या पंख्यापर्यंत नेण्याचे काम तांब्याच्या चपट्या नळ्या करतात. त्यांना उष्णतानलिका म्हणतात. नळीत निर्वातप्राय स्थितीत थोडे पाणी असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते. ती थंड टोकाकडे जाऊन द्रवरूप होते, आणि ते पाणी नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत मूळ जागी येते. या नळीचा पद्धतशीर अभ्यास १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी केला. त्या वेळी तिचा उपयोग अंतराळातील यंत्रांसाठी व्हावा अशी कल्पना होती. आज ती शाळकरी मुलांच्या दप्तरात जाऊन बसली आहे.

नळीच्या थंड टोकाशी पातळ पत्र्यांची दाट रांग असते. पंखा तळाच्या किंवा कळफलकाच्या बाजूने हवा आत ओढतो आणि या पत्र्यांमधून कडेच्या झरोक्यांवाटे बाहेर फेकतो. सारी व्यवस्था शेवटी या हवेवर अवलंबून असते.

किती हवा लागते, याचे गणित विद्यार्थ्यांना सहज करता येईल. एक किलोग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे १,००० जूल उष्णता लागते. यंत्रातून दर सेकंदाला ४५ जूल उष्णता बाहेर काढावयाची आहे आणि हवा यंत्रातून जाताना १५ अंशांनी तापते असे समजावे. तर दर सेकंदाला ४५ ÷ (१,००० × १५), म्हणजे ०·००३ किलोग्रॅम हवा लागेल. उन्हाळी हवेच्या एका घनमीटराचे वस्तुमान सुमारे १·१५ किलोग्रॅम धरल्यास हे आकारमान सुमारे २·६ लिटर येते. पंधरा लिटरांची बादली सहा सेकंदांत भरेल इतकी हवा त्या चिमुकल्या झरोक्यांतून अखंड गेली पाहिजे. धुळीने किंवा अंथरुणाने वाट अडून हवा निम्मी झाली, तर तीच उष्णता वाहून नेताना हवा १५ ऐवजी ३० अंशांनी तापेल आणि त्या मानाने आतील प्रत्येक भाग अधिक तापेल.

लेह येथे, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. तेथे तेवढेच काम करण्यास आकारमानाने अधिक हवा लागते. मात्र तेथील थंडीमुळे ही उणीव बहुतांशी भरून निघते.

३. पंख्याविषयीचा एक गैरसमज

पंख्याखाली बसले की माणसाला गार वाटते. यावरून पंखा हवा थंड करतो, अशी समजूत रूढ झाली आहे. ती चुकीची आहे. कोरडा तापमापक पंख्यासमोर धरला असता त्याचा पारा उतरत नाही. माणसाला गार वाटते ते घामाच्या बाष्पीभवनामुळे. माठातील पाणी थंड होते आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारा वारा सुखद लागतो, तोही बाष्पीभवनामुळेच. लॅपटॉपला घाम येत नाही. यास्तव केवळ पंख्याचा कूलिंग पॅड यंत्राला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही, मग त्याला दोन पंखे असोत की सहा.

तथापि यावरून पॅड निरुपयोगी ठरतो असे मात्र नव्हे. यंत्राचे तापमान खोलीच्या हवेहून जितके अधिक असते, तितका फरक कमी करणे हेच पॅडचे काम होय. एक कल्पित उदाहरण घ्यावे. ३० अंशांच्या खोलीत एखाद्या कामाच्या वेळी प्रोसेसर ९० अंशांवर स्थिरावतो. म्हणजे फरक ६० अंशांचा आहे. तेच काम ४२ अंशांच्या खोलीत केले, तर फरक तेवढाच राहून तापमान १०२ व्हावयास हवे. परंतु तसे होण्यापूर्वीच यंत्र आपली गती कमी करील. आता पॅडमुळे हा फरक ६० वरून ५४ वर आला, तर तापमान ९६ राहील आणि यंत्र आपली गती टिकवू शकेल. सहा अंश ही संख्या लहान आहे. पण सीमेजवळ लहान संख्येलाही मोठे मोल येते. हिवाळ्यात त्याच पॅडने तापमान ८० वरून ७४ वर आणले, तर कामात फरक जाणवणारही नाही.

४. कूलिंग पॅडचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या साधनांचे ढोबळमानाने पाच वर्ग पडतात.

(अ) पंखा नसलेली घडवंची. ही धातूची किंवा जाळीची असून यंत्राला मागील बाजूने उचलून धरते. तळाखाली हवेला वाट मिळते, एवढेच तिचे काम. ती आवाज करीत नाही, वीज घेत नाही आणि बिघडत नाही. ज्या यंत्राचा मूळ पंखा निरोगी आहे, त्याला बहुधा एवढे पुरते.

(आ) तळाखाली पंखे असलेला पॅड. हाच सर्वांत प्रचलित प्रकार. तो तळावर वारा सोडतो. यंत्राचे हवा ओढणारे झरोके तळाशी असतील आणि पॅडचा पंखा नेमका त्यांच्याखाली येत असेल, तर लाभ चांगला होतो. झरोके अन्यत्र असतील, तर फक्त बाहेरचे कवच थोडे थंड होते.

(इ) रबरी वा फोमची कड असलेला पॅड. याची कड यंत्राच्या तळाशी घट्ट बसते. त्यामुळे वारा बाजूला न निसटता झरोक्यांतच शिरतो. मोठ्या शक्तीच्या, खेळांसाठी किंवा चित्रणाच्या कामासाठी घेतलेल्या यंत्रांना हा उपयोगी पडतो. आवाज मोठा आणि धूळही अधिक आत जाते, हे त्याचे दोष होत. म्हणून धूळ गाळणारी जाळी असलेलाच घ्यावा.

(ई) झरोक्याला लावावयाचा शोषक पंखा. हा बाहेर पडणारी गरम हवा ओढून घेतो. यंत्राच्या बाहेरील झरोक्याचा आकार त्याच्या तोंडाशी जुळला नाही, तर तो निरर्थक ठरतो.

(उ) उष्णता साठविणारी गादी आणि विद्युत्-शीतक. पहिल्या प्रकारात वितळताना उष्णता शोषून घेणारा पदार्थ भरलेला असतो. ग्लॉबरचे मीठ हे अशा पदार्थाचे अभिजात उदाहरण होय. ते सुमारे ३२ अंशांना वितळते आणि दर किलोग्रॅमला सुमारे २५० किलोजूल उष्णता शोषते. असे अर्धा किलो मीठ १० वॅटांची उष्णता सुमारे साडेतीन तास झेलू शकेल. परंतु मे महिन्यात नागपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत ते कामाला लागण्यापूर्वीच वितळलेले असेल आणि गादी केवळ एक जाड आच्छादन होऊन बसेल. थंड प्रदेशात उपयोगी पडणारी वस्तू उष्ण प्रदेशात कशी अपायकारक ठरते, याचा हा चांगला नमुना आहे.

दुसऱ्या प्रकारात झां पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३४ साली शोधलेल्या परिणामाचा उपयोग केलेला असतो. तो खरोखरीच खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकतो. पण त्याला वीज बरीच लागते, आणि कोकणातील पावसाळ्यात, हवा २८ अंशांवर व आर्द्रता ९० टक्क्यांवर असता, सुमारे २६ अंशांखालील कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. यंत्राखाली पाणी जमू देणे कोणालाही परवडणार नाही.

५. विकत घेण्यापूर्वी

पॅड घेण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट झरोक्यांची. यंत्र बंद करून, विजेची तार काढून ते उलटे करावे आणि झरोके कोठे आहेत याचे चित्र कागदावर काढावे. मग यंत्र सुरू करून, त्यावर काम चालू असताना टिचभर पातळ कागदाची पट्टी प्रत्येक झरोक्याजवळ धरावी. पट्टी चिकटू पाहते तेथे हवा आत जाते; फडफडून दूर होते तेथे बाहेर येते. हे चित्र दुकानात बरोबर न्यावे. काही यंत्रांना पंखाच नसतो. ती आपली उष्णता कवचावाटे सोडतात. अशांना घडवंची आणि हलका वारा पुरेसा असतो.

दुसरी गोष्ट धुळीची. दोन-तीन वर्षे वापरलेल्या यंत्राच्या पत्र्यांमध्ये धुळीचा जाड थर बसलेला असतो. अशा यंत्राला पॅड घेणे म्हणजे चोंदलेल्या नळाला मोठी टाकी जोडण्यासारखे आहे. प्रथम जाणकाराकडून यंत्र साफ करवून घ्यावे. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने स्थिर धरावी. भलत्याच वेगाने फिरल्यास पंखा खराब होऊ शकतो. जुन्या यंत्रातील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलल्यानेही पुष्कळदा मोठा फरक पडतो.

तिसरी गोष्ट आकार व आवाजाची. पॅड यंत्राहून लहान नसावा. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा एक पंखा लहान, वेगवान पंख्यांच्या मानाने कमी आवाजात तितकीच हवा देतो. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात हा मुद्दा निर्णायक ठरावा.

चौथी गोष्ट विजेची. बहुतेक पॅड यूएसबीच्या खाचेतून वीज घेतात. जुन्या पद्धतीची खाच ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिॲम्पियर, म्हणजे अडीच वॅट देते. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीची खाच ९०० मिलिॲम्पियर, म्हणजे साडेचार वॅट देते. अनेक पंखे व रंगीत दिवे असलेल्या पॅडला याहून अधिक लागत असेल, तर त्याला वेगळा पुरवठा असावा. दिव्यांनी शीतन होत नाही, हे सांगावयास नकोच.

६. वापरण्याची रीत

पॅड सपाट, टणक पृष्ठावर ठेवावा. कापसाची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे दहा हजारांशाइतकीच असते. म्हणून गादी, गोधडी किंवा उशी यांवर ठेवलेला लॅपटॉप दुहेरी संकटात सापडतो: झरोके बंद होतात आणि कवचाची उष्णताही कोंडते. पॅड खाली असला तरी तो गादीत रुतला, तर त्याच्या पंख्यांना हवा कोठून मिळणार? यंत्राच्या कडेचे झरोके भिंतीपासून हातभर दूर असावे. खिडकीतील ऊन यंत्रावर येऊ देऊ नये.

खोलीत वाळवणाऱ्या लूचा वारा शिरत असेल तर खिडकी बंद करावी. परंतु पंखा बंद करण्याचे कारण नाही. ४३ अंशांची हवाही ९० अंशांच्या धातूच्या दृष्टीने थंडच असते. पाण्याचा कूलर वापरावयाचा असल्यास तो खोली थंड करण्यासाठी वापरावा. त्याचा ओला झोत थेट यंत्रावर सोडू नये. ओले फडके, बर्फाची पिशवी किंवा शीतकपाटातील थंड थाळी यंत्राखाली कधीही ठेवू नये.

मागील कड उचलल्याने पडदा डोळ्यांच्या पातळीला येतो. पण मनगटे वाकडी होतात. दीर्घ लेखनासाठी वेगळा कळफलक जोडणे इष्ट होय. पॅडची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशाने झाडावी.

७. विद्युत्-घट आणि शरीर

प्रोसेसरला ९० अंश चालतात. लिथियम-आयन विद्युत्-घटाला मात्र याच्या निम्मे तापमानही मानवत नाही. हे घट १९९१ साली बाजारात आले आणि त्यांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उष्णतेने त्यांतील नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि घटाची साठवणशक्ती कायमची घटते. पूर्ण भरलेला आणि तापलेला घट सर्वांत लवकर झिजतो. म्हणून यंत्र तापलेले असताना ते थोडे निवू देऊन मग घट भरावा, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्र ठेवू नये. यंत्राचा तळ फुगलेला दिसला किंवा कळफलकाखालील स्पर्शपट्टी वर उचललेली वाटली, तर घट फुगला आहे असे समजून वापर तत्काळ थांबवावा. तो दाबू वा टोचू नये. निर्मात्याच्या सेवाकेंद्राकडे किंवा अधिकृत संकलनकेंद्राकडे द्यावा. अशा घटांवर कोणताही कूलिंग पॅड हा उपाय नाही.

लॅपटॉप हे नाव मांडीवरून पडले असले, तरी मांडी ही त्याची योग्य जागा नव्हे. चटका बसणार नाही अशा ४३ ते ४७ अंशांच्या उष्णतेचाही त्वचेला वारंवार, दीर्घकाळ संपर्क झाल्यास तिच्यावर जाळीदार तपकिरी डाग उमटतात. २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची अशी हकीकत प्रसिद्ध झाली. तो काही महिने रोज कित्येक तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळत असे. काश्मिरात हिवाळ्यात फेरणाखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या त्वचेवरही अगदी असेच डाग दिसतात. पॅड असो वा नसो, विद्यार्थ्यांनी यंत्र मेजावर ठेवून काम करावे.

८. शाळेत करावयाचा प्रयोग

कोणता पॅड ‘चांगला’ याचा निर्णय जाहिरातीवर न सोपविता मोजून करता येतो. एकच यंत्र, एकच काम आणि एकच खोली घ्यावी. तापमान दाखविणारी आज्ञावली यंत्रात असावी. खोलीत साधा तापमापक टांगावा. पुढील तीन स्थितींत प्रत्येकी अर्धा तास तेच जड काम चालवावे: (१) यंत्र मेजावर सपाट, (२) झरोके झाकले जाणार नाहीत अशा बेताने मागील कडेखाली दोन पुस्तके, (३) यंत्र पॅडवर, पंखे सुरू. दोन स्थितींच्या मध्ये यंत्र पूर्ण निवू द्यावे. प्रत्येक वेळी प्रोसेसरचे स्थिर तापमान, खोलीचे तापमान आणि काम पुरे होण्यास लागलेला वेळ लिहून ठेवावा. घट प्रत्येक वेळी सारखाच भरलेला असावा.

नंतर प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. तुलना या वजाबाकीची करावयाची असते. नाहीतर सकाळी केलेला प्रयोग दुपारच्या प्रयोगापेक्षा विनाकारण सरस ठरेल. क्रम बदलून सर्व प्रयोग तीनदा करावा व सरासरी घ्यावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितींत फरक नगण्य आढळला, तर शाळेने पॅडऐवजी लाकडी घडवंच्या करवून घ्याव्या आणि उरलेला पैसा ग्रंथालयास द्यावा. तापमानात फरक न पडता कामाचा वेळ कमी झाला, तरीही पॅडचा उपयोग झाला असे समजावे. कारण यंत्राने मिळालेल्या थंडाव्याचा उपयोग गती वाढविण्यासाठी केला, असा त्याचा अर्थ होतो.

तात्पर्य, प्रथम यंत्र स्वच्छ करावे, मग त्याला उचलून हवा द्यावी, आणि एवढ्यावर भागले नाही तरच त्याच्या झरोक्यांशी जुळणारा पॅड घ्यावा. हा क्रम पाळला असता खर्च कमी होतो, यंत्र अधिक वर्षे टिकते, आणि एका यंत्रावर जेथे अनेक मुलांचा अभ्यास अवलंबून असतो, तेथे ही बचत लहान म्हणता येणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ६० वॅटांच्या यंत्रातून जाणारी हवा २० अंशांनी तापत असेल, तर दर सेकंदाला किती लिटर हवा लागेल?

२. ओला माठ खोलीच्या हवेहून थंड होतो, पण पंख्यासमोरील लॅपटॉप होत नाही. कारण सांगा.

३. ३२ अंशांना वितळणाऱ्या मिठाची गादी आपल्या गावी वर्षातील कोणत्या महिन्यांत उपयोगी पडेल आणि कोणत्या महिन्यांत पडणार नाही?